चिवट गजकर्ण, स्टेरॉइडच्या ट्यूबा आणि आपला अभ्यास: त्वचारोगाच्या डॉक्टरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमडी करणारे निवासी डॉक्टर, नुकतंच क्लिनिक थाटलेले त्वचारोगतज्ज्ञ आणि रोज गजकर्णाचे रुग्ण पाहणारे फॅमिली डॉक्टर यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. रुग्णांनी वाचलं तरी हरकत नाही, पण डोस वाचून स्वतःवर प्रयोग करू नयेत.

त्वचारोगशास्त्रात एवढं नवं घडतंय, मग सुरुवात गजकर्णापासून का?

कारण परिषदेत गर्दी लेसर आणि बायोलॉजिक (जैविक) औषधांच्या सभागृहात असते आणि सोमवारी सकाळी ओपीडीत गर्दी गजकर्णाची असते. या दोन गर्द्यांचा एकमेकींशी फारसा संबंध राहिलेला नाही, हीच आपल्या व्यावसायिक शिक्षणातली मोठी उणीव आहे.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. पूर्वी गजकर्ण म्हणजे पावसाळ्यातली जांघेतली खाज, दोन आठवडे टर्बिनाफिन या बुरशीनाशकाची २५० मिलिग्रॅमची गोळी, वर एखादं मलम, आणि रुग्ण परत दिसत नसे. गेल्या दशकभरात हे चित्र पार बदललं. मांड्या, पोट, पाठ, चेहरा, कधी सगळं अंग. घरातले सगळेच बाधित, लहान मुलंसुद्धा. महिनोन्महिने गोळ्या खाऊनही पुन्हा तेच. परदेशात लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात याचं उत्तर नव्हतं, कारण तिथे हा आजार असा दिसतच नव्हता. मग अभ्यास इथेच करावे लागले: दिल्लीत, वाराणसीत, चंडीगडला, वडोदऱ्याला. आज जग या विषयावर भारतीय डॉक्टरांचे शोधनिबंध वाचतं. आपण ते वाचायचे नाहीत, हे काही बरं नाही.

या चिवट गजकर्णामागची ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही नवी बुरशी आहे का?

नाव नवं आहे. आधी हिला ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिसचा आठवा जनुकीय प्रकार म्हणत. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी जपानमध्ये राहणाऱ्या नेपाळी आणि भारतीय रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. जुन्या भारतीय निबंधांत ‘ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटाले’ असा उल्लेख असतो, त्यातल्या पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात हीच बुरशी आहे. जुनं साहित्य वाचताना एवढं लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ मिटतो.

ती आता दक्षिण आशियापुरती उरलेली नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांची नोंद प्रसिद्ध केली. एक बांगलादेशला जाऊन आलेली होती. दुसरीने परदेशी प्रवासच केला नव्हता, म्हणजे लागण तिथेच झाली होती. लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीतल्या तुमच्या नातेवाइकांना तिथल्या डॉक्टरने ‘हा एक्झिमा आहे’ सांगितलं असेल, तर केओएच (चट्ट्यावरचे खवले सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी शोधण्याची चाचणी) करायला सांगा. तिथल्या डॉक्टरांना हे रूप अजून तितकंसं ओळखीचं नाही.

टर्बिनाफिन चालेनासं का झालं?

बुरशीच्या पेशीभित्तिकेला लागून असलेल्या पटलाला एर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवण्याच्या वाटेवर स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं आणि टर्बिनाफिन नेमकं तेच अडवतं. या एन्झाइमच्या जनुकात बदल झाला की औषध तिथे नीट बसत नाही. सर्वांत जास्त चर्चा झालेला बदल ३९७ व्या जागेवरचा आहे: फेनिलअ‍ॅलनिनच्या ठिकाणी ल्युसीन. ३९३ व्या जागेवरचेही बदल सापडतात. दिल्लीतल्या नमुन्यांवरचा या संदर्भातला महत्त्वाचा अभ्यास २०१८ मध्ये आला.

याचा अर्थ टर्बिनाफिन कचऱ्यात टाकायचं, असा नाही. पहिल्यांदाच आलेला, स्टेरॉइड न लावलेला, मर्यादित चट्टे असलेला रुग्ण अजूनही टर्बिनाफिनने बरा होतो. ज्याने आधीच दोनदा टर्बिनाफिन खाल्लंय त्याला तिसऱ्यांदा तेच, फक्त दुप्पट डोसने देणं, हे मात्र उपचारापेक्षा सवयीचं लक्षण वाटतं.

मग सरळ सगळ्यांना इट्राकोनाझोल लिहावं का?

हा या पानावरचा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात झालेली आणि २०२० मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजीत आलेली चाचणी प्रत्येक निवासी डॉक्टरने मुळातून वाचावी. २०० रुग्ण, चार गट, चार जुनीच बुरशीनाशकं: फ्लुकोनाझोल, ग्रिसिओफुल्विन, इट्राकोनाझोल, टर्बिनाफिन. चार आठवड्यांनी चारही गटांत बरे झालेले रुग्ण नगण्य, १० टक्क्यांच्याही आत. आठ आठवड्यांनी चित्र उलगडलं: इट्राकोनाझोल ६६ टक्के, फ्लुकोनाझोल ४२, टर्बिनाफिन २८, ग्रिसिओफुल्विन १४.

बहुतेक जण यातून ‘इट्राकोनाझोल जिंकलं’ एवढंच उचलतात. मला त्यातला चार आठवड्यांचा आकडा जास्त बोलका वाटतो. आपण रुग्णाला दोन आठवड्यांच्या गोळ्या देऊन ‘बरं वाटलं नाही तर या’ म्हणतो, तेव्हा तो न येता मेडिकलमध्ये जातो. उपचार अपुरा पडण्याची सुरुवात चिठ्ठीवरच्या मुदतीपासून होते. आणि विजेत्या औषधानेही तिघांपैकी एक जण आठ आठवड्यांत बरा झाला नाही, हेही त्याच तक्त्यात लिहिलंय.

डोसचं काय? दिवसाला १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम यांची तुलना करणारी दिल्लीची चाचणी २०२२ मध्ये जामा डर्मटॉलॉजीत आली. ४०० ने रुग्ण लवकर बरे झाले, पण अखेरीस बरे होण्याच्या प्रमाणात डोसांमध्ये मोठी तफावत नव्हती, आणि आजार उलटण्याचं प्रमाण तिन्ही गटांत लक्षणीय होतं. म्हणजे डोस वाढवला म्हणून आजार परत येणं टळत नाही.

आता सावधगिरी. साधी इट्राकोनाझोलची कॅप्सूल पोटभर जेवणानंतर आणि पोटात आम्ल असताना नीट शोषली जाते. आपल्याकडे मात्र खाजेच्या चिठ्ठीवर सवयीने ‘सकाळी उपाशीपोटी’ म्हणून पँटोप्रॅझोल-डॉम्पेरिडोनची गोळी जोडलेली असते. पँटोप्रॅझोल पोटातलं आम्ल कमी करून इट्राकोनाझोलचं शोषण घटवतं, आणि डॉम्पेरिडोन व इट्राकोनाझोल एकत्र आले की हृदयाच्या ठोक्यांत घातक बिघाड होण्याचा धोका असतो. इट्राकोनाझोल आणि ही गोळी एकाच चिठ्ठीवर नकोत. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर तेही एकत्र चालत नाही. हृदय कमजोर झालेल्या, पायांवर सूज येणाऱ्या रुग्णाला इट्राकोनाझोल देऊ नये. दम्यासाठी ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा पंप ओढणाऱ्याच्या शरीरात त्या स्टेरॉइडची पातळी वाढू शकते. गरोदरपणात तोंडावाटे बुरशीनाशक गोळ्या टाळाव्यात, क्लोट्रिमाझोलसारख्या मलमावर भागवावं. उपचार लांबणार असेल तर यकृताच्या चाचण्या हव्यातच.

कॅप्सूलच्या दर्जाचाही प्रश्न आहे. आतल्या बारीक गोळ्यांची संख्या आणि आकार ब्रँडागणिक वेगळे असतात आणि त्यावर औषध शरीरात किती उतरणार हे ठरतं, असे भारतीय अभ्यास झालेले आहेत. ‘इट्राकोनाझोलला दाद दिली नाही’ असं लिहिण्याआधी कोणत्या कंपनीचं, कशासोबत आणि कधी घेतलं, हे विचारा.

ओपीडीत इतकी गर्दी असताना केओएच करायला वेळ कुठून आणायचा?

पाच मिनिटं लागतात. चट्ट्याच्या कडेवरून, मधून नव्हे, बोथट ब्लेडने खवले काढायचे, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, कव्हरस्लिप, जरा वेळ थांबायचं, आणि सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली करून पाहायचं. फांद्या फुटलेले, आडवे पडदे असलेले धागे दिसले की वाद संपला. मदतनीस शिकला की खवले घेण्याचं काम तोही नीट करतो.

चट्ट्यावरची बारीक लवसुद्धा उपटून पाहावी. लवेत बुरशी शिरलेली असेल तर नुसत्या मलमाने भागत नाही, गोळ्या लागतात. आणि एक उलटी गोष्ट: स्टेरॉइड लावलेल्या चट्ट्यात खवले कमी असले तरी बुरशी भरपूर सापडते. निकाल निगेटिव्ह आला तर रुग्णाने चार दिवसांत बुरशीनाशक मलम लावलं होतं का, ते आधी विचारा.

क्लिनिकमध्ये लेसरचं यंत्र आहे आणि सूक्ष्मदर्शक नाही, अशी स्थिती मला खटकते. कोणाला राग आला तर येवो.

कल्चर आणि औषधाची संवेदनशीलता चाचणी कधी मागवावी?

प्रत्येकाला नको. नीट डोस, नीट मुदत, नीट शोषण हे सगळं तपासूनही जो बरा होत नाही, त्याच्यासाठी. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायला, तीन-चार आठवडे लागतात. इंडोटिनी नेमकी ओळखायला तिच्या डीएनएतल्या आयटीएस नावाच्या भागाचं वाचन लागतं, नुसत्या दिसण्यावरून ती जवळच्या प्रजातींपासून वेगळी काढणं अवघड आहे, आणि प्रथिनांवरून जंतू ओळखणारं मॅल्डी-टॉफ यंत्रही फसू शकतं.

अहवालात एमआयसीचा (बुरशीची वाढ रोखायला लागणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा) आकडा येतो, पण प्रयोगशाळांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआयने या बुरशींसाठी ‘इतक्याच्या वर म्हणजे प्रतिरोधक’ अशी उपचाराशी जोडलेली रेषा आखलेली नाही. त्यामुळे आकडा वाचताना रुग्णाकडेही पाहा. आकडा बरा असून रुग्ण बरा न होणं, आणि याच्या उलट, दोन्ही घडतं.

व्होरिकोनाझोल हे राखीव बुरशीनाशक आहे. दृष्टीच्या तक्रारी, उन्हाने त्वचा भाजणं आणि दीर्घकाळ वापरात त्वचेच्या कर्करोगाचा धोका लक्षात घेता ते गजकर्णाच्या सरसकट चिठ्ठीत येऊ नये.

स्टेरॉइड लावलेलं गजकर्ण ओळखायचं कसं?

रुग्णाला ‘काही लावलंत का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतो. ‘घरात असलेल्या सगळ्या ट्यूबा घेऊन या’ म्हटलं की पिशवी निघते. शेजारणीने दिलेली, मेडिकलवाल्याने काढून दिलेली, भावाला लागू पडली होती ती. त्या पिशवीत क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड असलेली मिश्रणं हटकून सापडतात: स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि एक-दोन अँटिबायोटिक एकाच ट्यूबेत.

स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, बुरशी मात्र आत पसरत राहते. १९६८ मध्ये दोन ब्रिटिश डॉक्टरांनी अशा झाकल्या गेलेल्या गजकर्णाला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हटलं होतं. आपल्याकडे त्याचं आणखी एक रूप सर्रास दिसतं: वर्तुळात वर्तुळ, दुहेरी कड. अशी दुहेरी कड दिसली की ट्यूब विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जांघेत रुंद, लालसर-जांभळ्या रेघा उमटल्या असतील तर त्या कायमच्या आहेत हे रुग्णाला तेव्हाच सांगावं, नाहीतर त्याचं खापर तुमच्या गोळ्यांवर फुटतं.

सावळ्या त्वचेवर लाली ‘लाल’ दिसत नाही, तपकिरी किंवा जांभळट दिसते. परदेशी अ‍ॅटलासवर डोळा तयार झालेला असेल तर हे निसटतं.

आणि वर्तुळाकार प्रत्येक चट्टा गजकर्ण नसतो. खाज नाही, खवले नाहीत, कड उचललेली आहे, तर कापसाच्या बोळ्याने संवेदना तपासा आणि नसा चाचपा. कुष्ठरोग महाराष्ट्रातून गेलेला नाही. महिनोन्महिने बुरशीनाशक खाल्लेला रुग्ण शेवटी कुष्ठरोगाचा निघतो तेव्हा तेवढ्या काळात नस गेलेली असते. याच संदर्भात एक बदल नोंदवून ठेवा: कमी जिवाणू असलेल्या प्रकारालाही राष्ट्रीय कार्यक्रमात आता दोनऐवजी तीन औषधं देतात.

चेहऱ्यावर लावलेल्या स्टेरॉइडचा प्रश्न वेगळा आहे का?

मूळ एकच, दुकान तेच. २०११ मध्ये इंडियन जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रॉलॉजीत देशातल्या बारा केंद्रांचा अभ्यास आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या जवळपास ६० टक्क्यांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. उरलेल्या ४० टक्क्यांचा आकडा आपण परिषदेत फारसा उच्चारत नाही. ती मलमं कुठल्या ना कुठल्या डॉक्टरनेच लिहिली होती.

वांगासाठी दिलं जाणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनचं मिश्रण हे या गोष्टीतलं मोठं पात्र. लिहायचंच असेल तर चिठ्ठीवर बंद करण्याची तारीख लिहा. रुग्णाला थांबवताना आधीच सांगा की मलम सोडल्यावर चेहरा काही आठवडे पेटेल, लाल होईल, पुटकुळ्या येतील. हे न सांगितलं तर तो पुन्हा ट्यूबेकडे वळणार.

कायद्याने हे बंद झालं नाही का?

कागदावर पुष्कळ झालं. १० मार्च २०१६ रोजी केंद्राने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. डिसेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये विषय औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे पाठवला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. त्यात स्टेरॉइड-बुरशीनाशक-अँटिबायोटिकची मलमंही होती. त्याच वर्षी त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइडांना ‘बाह्य वापरासाठी’ म्हणून मिळणारी पळवाट बंद करून त्यांना शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, आणलं गेलं.

व्यवहारात एक मिश्रण बंद झालं की घटक जरा बदलून दुसरं येतं, आणि चिठ्ठी मागणारं मेडिकल शोधावं लागतं. इंडियन असोसिएशन ऑफ डर्मटॉलॉजिस्ट्स, व्हेनेरिऑलॉजिस्ट्स अँड लेप्रॉलॉजिस्ट्स, म्हणजे आयएडीव्हीएलने, स्टेरॉइडच्या गैरवापराविरुद्ध आणि चिवट गजकर्णाविरुद्ध वेगवेगळे कृतिगट नेमले. कायद्याच्या या लढाईत त्यांचा वाटा मोठा आहे.

मी फॅमिली डॉक्टर आहे. माझ्याकडून काय अपेक्षित आहे?

कुठलंही ‘सगळ्यांवर चालणारं’ मिश्र मलम लिहू नका. शंका असेल तर स्टेरॉइड नसलेलं बुरशीनाशक मलम द्या, चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायला सांगा, चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायला सांगा. अंगभर पसरलंय, चेहऱ्यावर आलंय, लहान मूल आहे किंवा एक उपचार करून झालाय, तर पुढे पाठवा. २०१८ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार नव्या रुग्णाला किमान दोन ते चार आठवडे आणि चिवट आजाराला चार आठवड्यांहून जास्त उपचार लागतात.

रुग्ण बरा होऊन महिन्याभरात परत येतो. हे औषधाचं अपयश की नवी लागण?

घर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. बायकोला खाज आहे पण ती दाखवायला आलेली नाही, मुलगा त्याच टॉवेलने अंग पुसतो, चौघांचे कपडे एकाच बादलीत भिजतात. एकाला बरं करून उपयोग नाही, सगळ्यांना एकदम तपासा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, मग ओलसर अंतर्वस्त्रं तशीच चढवली जातात. गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा, नाहीतर इस्त्री फिरवा. लोकलमध्ये दोन तास घामाने भिजणाऱ्याला घट्ट जीन्स घालू नका एवढं सांगणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

कमरेचा करगोटा नक्की पाहा. त्याच्याखाली कंबरभर पट्टा उमटलेला असतो आणि बुरशी त्या ओल्या दोऱ्यातच मुक्काम करते. ‘काढून टाका’ म्हटलं की आजी रागावतात. मी ‘उपचार संपेपर्यंत देव्हाऱ्यात ठेवा’ सांगतो, ते चालतं.

एखादा शोधनिबंध भरवशाचा आहे का, हे पटकन कसं ठरवायचं?

गजकर्णापुरतं सांगतो. ‘बरा झाला’ म्हणजे काय धरलंय: दिसण्यावरून, की केओएच निगेटिव्ह, की दोन्ही? उपचार थांबल्यावर किती काळ रुग्णाकडे पाहिलं? आठव्या आठवड्याला संपणारा अभ्यास आजार उलटण्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि आपला प्रश्न तर तोच असतो. तुलनेतल्या औषधाचा डोस मुद्दाम कमी ठेवलाय का? स्टेरॉइड लावलेले रुग्ण वगळलेत का? वगळले असतील तर ते निष्कर्ष तुमच्या ओपीडीला लागू नाहीत. शेवटी पैसा कोणाचा, हे पाहा.

वाचायला मिळत नाही ही सबब आता फारशी चालत नाही. १९३५ मध्ये गुप्तरोगांचं नियतकालिक म्हणून सुरू झालेलं आणि पुढे आयएडीव्हीएलचं झालेलं जर्नल, म्हणजे वर आलेलं इंडियन जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी अँड लेप्रॉलॉजी, सर्वांसाठी खुलं आहे. सरकारी महाविद्यालयांत असाल तर जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये तुमची संस्था आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांच्या ईमेल उघडूच नका.

महाराष्ट्रात नोंदणी टिकवायला किती सीएमई (निरंतर वैद्यकीय शिक्षण) गुण लागतात?

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नियमाने पाच वर्षांत ३०. कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, ते आधी पाहा.

कंपनीने प्रायोजित केलेल्या व्याख्यानांना जावं का?

जा, पण व्याख्यात्याने मानधनाची पट्टी पहिल्या स्लाइडवर दाखवली का, ते पाहा. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू, सहली, कुटुंबाचा प्रवास यांना मनाई केली आहे. प्रश्न मात्र जेवणाचा नसतो. बुरशीनाशकांच्या कितीतरी व्याख्यानांत नव्या मलमाची साध्या क्लोट्रिमाझोलशी तुलना होत नाही, हा असतो. हात वर करून तेवढंच विचारा, सभागृह जागं होतं.

थिसिससाठी विषय सुचवाल?

जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या निवासी फेरीचा उपयोग करा. तिथल्या रुग्णांनी कोणत्या ट्यूबा आधी लावल्या, त्या कोणी दिल्या, किती रुपयांत मिळाल्या, याची नीट नोंद करणारा अभ्यास मला कुठल्याही सोळा पानी जनुकीय विश्लेषणाइतकाच मोलाचा वाटेल. लवेतली बुरशी आणि आजार उलटणं यांचा संबंध हाही हाताशी असलेला विषय. फक्त गाइडना आवडतं म्हणून ‘व्हिटॅमिन डीची पातळी आणि अमुक’ नको, कृपया.

दोन दिवसांचे केसरोपण आणि एस्थेटिक कोर्स उपयोगाचे आहेत?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून केसरोपण शिकल्याचं मानता येणार नाही. त्यापुढे मी काय बोलणार?

फोटोवरून निदान करणारी एआय अ‍ॅप वापरावीत का?

स्टॅनफर्डच्या गटाने २०२२ मध्ये ६५६ छायाचित्रांचा संच प्रसिद्ध केला, तेव्हा गाजलेल्या प्रणाली गडद त्वचेवर कमी पडताना दिसल्या. आपले रुग्ण गडद त्वचेचे, वर स्टेरॉइडने रूप बदललेले. फोटोतून केओएच होत नाही.

प्रतिकारशक्तीचे संकेत अडवणाऱ्या जॅक इनहिबिटर औषधांबद्दल काय? आता तर गोळ्या स्वस्त झाल्यात.

स्वस्त झाल्यात म्हणूनच काळजी. चाईसाठी बॅरिसिटिनिब आणि कोडासाठी रुक्सोलिटिनिबचं मलम, दोन्हींना अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि अनेक रुग्णांचं आयुष्य खरंच बदललं. आपल्याकडे प्रत्यक्षात जास्त लिहिलं जातं ते याच वर्गातलं टोफासिटिनिब, बहुतेक वेळा मान्यतेच्या चौकटीबाहेर. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये या वर्गाच्या गोळ्यांवर हृदयविकार, कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्यांबद्दलचा इशारा वाढवला. आपल्या देशात त्याआधी क्षयरोगाची तपासणी येते. छातीचा एक्स-रे न काढता चाईच्या दोन चट्ट्यांना टोफासिटिनिब सुरू केलेलं दिसलं की वाटतं, स्टेरॉइडच्या ट्यूबांची पंधरा वर्षांपूर्वीची सुरुवात अशीच झाली असणार. मेडिकलवाल्याच्या तोंडी हे नाव बसायच्या आधी आपण आपल्या चिठ्ठ्या आवरल्या पाहिजेत.

स्टेरॉइडच्या मलमाने बिघडलेली त्वचा पाहिली, तर ते कुठे कळवायचं?

गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे, औषधसुरक्षा कार्यक्रमाअंतर्गत. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात नोंदणी केंद्र असतं, किंवा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि रुग्ण कोणीही कळवू शकतं. ट्यूबेचा फोटो जोडा, त्यावरचा बॅच क्रमांक आणि घटक वाचता आले पाहिजेत. चेहऱ्याचा फोटो जोडायचा असेल तर रुग्णाची लेखी संमती घ्या आणि डोळे झाका.